काढून दाखव

मी दिपेशला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो माझ्या काँक्रीटला नावं ठेवत होता.

घाटकोपर पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या जागी बावीस मजली टॉवर उभा राहत होता. डिसेंबर असूनही दुपारचं ऊन चटके देत होतं. आमची मिक्सरची गाडी गेटवरच अडवलेली, तिचा ड्रम आपला गरगर फिरतोय, आणि तिच्यासमोर पांढरं हेल्मेट घातलेला एक उंच, सावळा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा.

"रंग बघ याचा," तो ड्रायव्हरला सुनावत होता. "हे काँक्रीट आहे की तांदळाची खीर?"

"खीर असती तर तुम्हाला थोडीच पाठवली असती?" मी मागून म्हणाले.

तो वळला. आधी माझ्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही कोण?"

"ही खीर शिजवणारी."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. ते मी पहिल्याच मिनिटाला टिपलं, आणि मी टिपलं हे त्यालाही कळलं... माझी नजर उगाच गाडीच्या टायरवर गेली.

मी जान्हवी राऊळ. विक्रोळीच्या एका रेडीमिक्स प्लांटमध्ये क्वालिटी इंजिनिअर. त्या गाडीत भरलेलं मिक्स माझं स्वतःचं होतं. आठ महिने खपून, तीसेक वेळा फसून बनवलेलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एखाद्या साईटवर उतरणार होतं. त्यात अर्ध्याहून जास्त सिमेंट काढून त्याजागी पोलादाच्या भट्टीतली मळी बारीक दळून घातली होती. स्लॅग म्हणतात तिला. म्हणून रंग फिकट.

"पास की नापास ते टेस्ट ठरवेल," मी म्हणाले. "रंग बघून मुलगी पसंत करायचे दिवस गेले."

"अरे बापरे," तो म्हणाला. "करा टेस्ट."

मी गुडघ्यावर बसले. लोखंडी शंकूत तीन थरांत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईने पंचवीस वेळा टोचायचं आणि मग शंकू अलगद उचलायचा. ढीग किती बसतो ते पट्टीने मोजायचं. तो समोर उकिडवा बसून मोजत होता. "तेवीस... चोवीस... झालं? एक कमी मारलीत."

"पंचवीस झालेत."

"मी चोवीसच मोजले. मध्ये एकदा लक्ष दुसरीकडे गेलं असेल..."

मी शंकू उचलला. ढीग हवा तितकाच बसला, एकशे चाळीस मिलीमीटर. मी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली.

"पास," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला ओरडून गाडी आत घ्यायला सांगितली. मग माझ्याकडे न बघता, चलनावर सही करता करता, "मी दिपेश भानजी. साईट इंजिनिअर. पुढच्या गाडीबरोबर पण तुम्हीच याल ना?"

"रंग आवडला नाही ना तुम्हाला?"

"सवय होतेय," तो म्हणाला.

आमच्या कामात एक नियम आहे. प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून पाण्यात ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी मशीनखाली फोडून ताकद बघतात. सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी. माझ्या मिक्सचे छपन्नाव्या दिवशीही. ते फुटताना साईटचा माणूस हजर असावा लागतो. बाकीच्या साईट्स कुणालाही पाठवतात. घाटकोपरहून दर वेळी दिपेशच यायचा, बाईकवरून, इस्त्रीचा शर्ट घालून. लॅबमधल्या धुळीत इस्त्रीचा शर्ट.

पहिला क्यूब फुटला तेव्हा तो पुढे झाला. फुटलेला तुकडा आतून निळसर हिरवा होता. स्लॅगच्या काँक्रीटचं असंच असतं. हवा लागली नाही तोवर आत तो रंग असतो, मग काही दिवसांत उडून जातो.

"आयला... हे काय?"

"खीर."

"नाही गं, खरंच. हा आमच्या वेसाव्याचा समुद्र आहे. नोव्हेंबरातला. सकाळी होडी बाहेर पडते ना, तेव्हाचा." तुकडा त्याने रुमालात गुंडाळून खिशात घातला. इस्त्रीच्या शर्टाच्या. आणि मी 'गं' कधी झाले तेही माझ्या लक्षात आलं नाही.

त्याला सगळं समजून घ्यायचं असायचं. एवढं खटपट करून सिमेंट कमी का करायचं, असं त्याने एकदा कॅन्टीनमध्ये विचारलं. मी सांगितलं, सिमेंट बनवायला चुनखडी भट्टीत भाजतात. जळणाचा धूर होतो तो होतोच, पण त्या दगडाच्या पोटात लाखो वर्षं बसलेला कार्बनही बाहेर पडतो. एक टन सिमेंटमागे पाऊण टनाच्या आसपास. जगभरच्या विमानांपेक्षा सिमेंटचा वाटा मोठा आहे. आणि आपल्या मुंबईत बघशील तिथे टॉवर.

"मग टॉवर बांधायचेच नाहीत?"

"बांध ना. पण माझ्या मिक्सने बांध."

"अटी घालतेस?"

"हो."

"अजून काय काय अटी आहेत?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. "एकदम सांगून टाक. माणूस तयारीला लागतो..."

मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते आत पडलं. तो मोठ्याने हसला.

माझ्या मिक्सला खोड एकच होती. ते सावकाश जमायचं. महिन्याने ते नेहमीच्या काँक्रीटला गाठायचं, दोन महिन्यांनी मागे टाकायचं, पण पहिल्या आठवड्यात कच्चं असायचं. म्हणून स्लॅबखालचे टेकू जास्त दिवस ठेवावे लागायचे. मिक्सच्या कागदावर मी ठळक लिहिलं होतं, टेकू चौदा दिवस. कंत्राटदाराच्या मोठ्या साहेबाला ते पहिल्यापासून खुपायचं. त्याचं वेळापत्रक दिवसांवर चालायचं. तरी तिसऱ्या मजल्यापासून आठव्यापर्यंत माझंच मिक्स वापरलं गेलं, आणि ते दिपेशमुळे. मीटिंगमध्ये तो साहेबाशी भांडला होता. हे मला त्याने सांगितलं नाही. आमच्या प्लांटचे मॅनेजर चंद्रप्रकाश सर म्हणाले, "वो लड़का तुम्हारे मिक्स का वकील है क्या?"

जानेवारीत एकदा मी सहाव्या मजल्यावर स्लॅब बघायला गेले. वर सातव्यावर पाणी मारत होते आणि सगळ्या कडांवरून ते खाली गळत होतं. आमच्या चारही बाजूंनी पाण्याच्या सरी आणि मधे कोरडी जागा. ओल्या सिमेंटचा वास. दिपेशने हात बाहेर काढून ओंजळ भरली आणि माझ्या तोंडावर उडवली.

"मूर्ख आहेस का!"

"क्युरिंग करतोय," तो म्हणाला. "नाहीतर तडे जातात."

मग त्याने माझ्या कपाळावरची ओली बट बाजूला केली. त्याच्या बोटाला वाळूचा कण होता, तो खरखरला. मला अजून तो जाणवतो, आणि त्याचा मला रागही येतो.

फेब्रुवारीत त्याने मला घरी नेलं, वेसाव्याला. त्याची आई जया बाजारात मासे विकते. दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले, आवाज खणखणीत. "आयलीस गो? बस, बस," म्हणत तिने मला ओट्यावरच बसवलं आणि समोर तळलेल्या बोंबलांचं ताट ठेवलं. मी तीन खाल्ले तर म्हणाली, चिमणी आहेस का. मग घराच्या भिंतीवरची एक रेघ दाखवली, गुडघ्याच्या वर. "उधानाला पानी इथवर येतं गो. माज्या सासूच्या वक्ताला ओटा पन भिजायचा नाय."

परत येताना सिग्नलला दिपेशने बाईक थांबवली. मग म्हणाला, "आईचं घर पुन्हा बांधायचंय. चौथरा उंच करून. तुझं मिक्स वापरणार."

"घरगुती कामाला आम्ही गाडी पाठवत नाही."

"घरच्या कामाला?"

बाईकवर मागे बसून उत्तर द्यायची गरज नसते. मी डोकं त्याच्या पाठीवर टेकलं.

आमच्या घरी मला जानू म्हणतात. एकदा बाबांचा फोन आला आणि दिपेशने ते ऐकलं. "काय गो जानू, जेवलंस?" झालं, त्या दिवसापासून मेसेजमध्ये मी जानू. चिडवायला म्हणून सुरू केलं आणि मग चिडवणं संपलं, नाव राहिलं. आम्ही साईटचं सगळं काम मेसेजवर करायला लागलो. कुठली गाडी किती वाजता, कुठला क्यूब किती ताकदीचा, आणि त्याच ओळींमधून बाकीचंही सगळं. ऑफिसचा मेल उघडायचा मला कंटाळा यायला लागला होता. मेलवर त्याला 'श्री. भानजी' लिहावं लागायचं.

मार्चमध्ये इमारतीच्या दारावरच्या पोर्चचा स्लॅब भरला. छोटासाच. पण एका बाजूने भिंतीला धरलेला आणि तीन बाजूंनी मोकळा. असा स्लॅब टेकूंवर नीट जमेपर्यंत ठेवावाच लागतो. शुक्रवारी भरला. पुढच्या गुरुवारी सकाळी पावणेनऊला, मी लॅबमध्ये पाऊल टाकत होते तेव्हा त्याचा मेसेज आला.

पोर्चचे सपोर्ट आज काढायला सांगतायत. रविवारी सॅम्पल फ्लॅट उघडायचाय.

मी लिहिलं, किती दिवस झाले?

सहा.

वेडा आहेस का. चौदा म्हणजे चौदा.

साहेब डोक्यावर बसलाय यार जानू. एवढासा तर स्लॅब. तुझं काँक्रीट एवढं नाजूक आहे का?

माझं काँक्रीट नाजूक नाही हां.

मग काढू?

काढून दाखव. मग बघ काय करते तुझं.

पुढे मी एक डोळा मारणारा चेहरा टाकला. त्याने विचारलं, काय करशील? मी लिहिलं, रविवारी भेट, सांगते.

आणि फोन ओट्यावर ठेवून कामाला लागले. दिवसभर पुरेल इतकं हसू होतं चेहऱ्यावर. माझ्या मनात विषय मिटला होता. मी नाही म्हटलं होतं, त्याने ऐकलं होतं.

साडेअकराला चंद्रप्रकाश सर लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. "घाटकोपर का पोर्च गिर गया," ते म्हणाले. "एक आदमी नीचे था."

माणिक मंडल. शटरिंगचा सुतार, बंगालात मालद्याकडचा, पन्नाशीचा. शेवटचा टेकू काढत होता तेव्हा स्लॅब भिंतीपाशी मोडून खाली आला. उडी मारली म्हणून जीव वाचला. डावं पाऊल स्लॅबच्या कडेखाली सापडलं.

मी दिपेशला सतरा वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी पाच वाजता तो आमच्या प्लांटच्या गेटबाहेर आला. हेल्मेट हातात, शर्टावर धूळ, ओठ कोरडे.

"माणिक कसा आहे?" मी विचारलं.

"ऑपरेशन झालं. जानू, ऐक... ते सकाळचे मेसेज काढून टाक."

मला आधी कळलंच नाही.

"तू काढलेस टेकू?"

"मी नाही काढले. साहेबाने... मी फक्त माणिकला सांगितलं." तो रस्त्याकडे बघत होता. "बघ, आपण दोघंही यात अडकू. तू पण 'काढून दाखव' लिहिलंयस. मेसेज नसले तर कुणी कुणाला विचारणार नाही. काँक्रीट सावकाश जमतं हे तर खरंच आहे ना? तेवढंच म्हणू आपण. कुणाची चूक नाही."

"काँक्रीटची चूक?"

"काँक्रीटला काय नोकरी जाते का, जानू?"

हे तो कळवळून म्हणाला. आणि मी त्याला काही बोलले नाही. तो रडवेला झाला होता, मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं. त्या रात्री मी मेसेज काढले नाहीत, पण काढणार नाही असंही ठरवलं नव्हतं. बाबा दोनदा म्हणाले, "तोंड कित्याक असां केलंस गो?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

दोन दिवसांत कंत्राटदाराचं पत्र आलं. पुरवठादाराने दिलेल्या प्रायोगिक मिक्समुळे काँक्रीटला अपेक्षित ताकद आली नाही आणि पोर्च कोसळला. टेकू चौदा दिवस ठेवण्याबाबतचा कागद साईटला मिळालाच नव्हता. खाली सह्या होत्या. एक साहेबाची, एक दिपेश भानजीची. चलनावर शंभर वेळा बघितलेली ती सही. ओळखायला मला वेळ लागला नाही.

चंद्रप्रकाश सरांनी विचारलं, "चौदा दिनवाली बात का कोई प्रूफ है? कागज़ को तो वो नकार रहे हैं।"

"बघते," मी म्हणाले.

मी आधी माणिकला बघायला गेले. पालिकेच्या हॉस्पिटलात, लांबलचक वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. पायाला हे एवढं बँडेज. मी कोण ते सांगितल्यावर तो अवघडला, उठून बसायला लागला.

"आपका माल था ना, मैडम? सब बोलते हैं, माल खराब था।"

"आप क्या बोलते हैं?"

त्याने पायावरची चादर नीट केली. "तीस साल से शटरिंग खोल रहा हूँ। दूसरा टेका निकाला, तभी आवाज़ आया। मैंने साब को बोला, साब, ये बोल रहा है। साब फोन देख रहे थे। बोले, मैडम से बात हो गया है, निकालो।"

"कौन साब?"

"दिपेश साब।"

मैडम से बात हो गया है. मी पायऱ्या उतरून खाली आले, गेटपाशी रसवंतीच्या बाकावर बसले. समोर ठेवलेला ग्लास तसाच राहिला. मग फोन काढला आणि त्या सकाळचे सगळे मेसेज, पहिल्यापासून शेवटच्या डोळा मारणाऱ्या चेहऱ्यापर्यंत, एकही ओळ न गाळता चंद्रप्रकाश सरांना पाठवले.

चौकशी साईटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये झाली. दोन्ही कंपन्यांनी मिळून बाहेरच्या एक तज्ज्ञ बोलावल्या होत्या, शर्मिष्ठा मॅडम, निवृत्त प्राध्यापिका, पांढरे केस आखूड कापलेले. टेबलाच्या एका बाजूला मी आणि चंद्रप्रकाश सर, दुसऱ्या बाजूला साहेब आणि दिपेश. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. दाढी वाढली होती.

शर्मिष्ठा मॅडमनी मेसेजची छापील प्रत मनात वाचली. "हे सगळ्यांनी वाचलंय?" त्यांनी विचारलं.

"मोठ्याने वाचा ना," साहेब म्हणाला. "रेकॉर्डवर येऊ दे. काम कसं चालतं यांचं ते तरी कळेल."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग वाचलं. कोरड्या, सपाट आवाजात, जणू एखाद्या तपासणीचा अहवाल. "साहेब डोक्यावर बसलाय यार जानू." केबिनमध्ये कुणीतरी खाकरलं. "माझं काँक्रीट नाजूक नाही हां." पंख्याची घरघर. "काढून दाखव. मग बघ काय करते तुझं. पुढे एक चित्र आहे, डोळा मिटलेला चेहरा." माझे कान पेटले होते. टेबलाच्या कडेचा सनमायका निघाला होता, मी तो नखाने आणखी उचकटत होते.

वाचून झालं. मॅडम म्हणाल्या, "मिस्टर भानजी, टेकू काढायला तुम्ही सांगितलंत?"

मला अजूनही वाटत होतं की तो हो म्हणेल. नुसतं हो. मग मी त्याच्यासाठी काहीही केलं असतं. त्याच्या साहेबाविरुद्ध उभी राहिले असते, नोकरी गेली असती तर त्याच्याबरोबर वेसाव्याच्या ओट्यावर बसून बोंबील खाल्ले असते.

"मी क्वालिटी इंजिनिअरला विचारलं होतं," तो टेबलाकडे बघून म्हणाला. "त्या म्हणाल्या, काँक्रीट नाजूक नाही. मी विचारलं, काढू? त्या म्हणाल्या, काढून दाखव. मी तो होकार समजलो."

"त्या." तो मला 'त्या' म्हणाला.

"आणि त्याआधीचं, 'चौदा म्हणजे चौदा'?" मॅडमनी विचारलं.

"ते... त्यानंतर त्यांनी मत बदललं असं मला वाटलं."

"आणि ही मस्करी आहे असं तुम्हाला वाटलं नाही?"

साहेब म्हणाला, "कामाच्या ठिकाणी मस्करी कशाला करायची, मॅडम?"

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? हे मेलवर का नाही कळवलंत? साईटच्या मोठ्या साहेबांना का नाही फोन केलात?"

माझ्याकडे उत्तर होतं. मेलवर त्याला श्री. भानजी लिहावं लागायचं, हे ते उत्तर. ते मी दिलं नाही. "चूक झाली," मी म्हणाले. ते खरं होतं. मी एक फोन केला असता तर माणिकचं पाऊल शाबूत राहिलं असतं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. पडलेल्या स्लॅबमधून तुकडे कापून तपासले होते. सहाव्या दिवशी जेवढी ताकद असायला हवी तेवढी होती. काँक्रीटमध्ये दोष नाही. टेकू मुदतीआधी काढल्याने पोर्च कोसळला. आणि शेवटून दुसरी ओळ: पुरवठादाराच्या प्रतिनिधीने धोक्याची सूचना गांभीर्याने व अधिकृतपणे दिली नाही. ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. त्यात खोटं काही नव्हतं.

माणिकच्या पायाची दोन बोटं गेली. कंत्राटदाराने त्याच्या उपचारांची जबाबदारी घेतली आणि त्याचा मुलगा येऊन त्याला गावी घेऊन गेला. साहेब तिथेच राहिला. दिपेशला पनवेलच्या साईटवर पाठवलं.

आणि माझं मिक्स बंद झालं.

"तुम सही थी," चंद्रप्रकाश सर म्हणाले. माझ्याशी बोलताना ते पहिल्यांदाच खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "रिपोर्ट भी सही है। लेकिन अब हर कस्टमर एक ही बात पूछता है, ये वही वाला है क्या, जो गिरा था? किस-किस को समझाऊँ?" घाटकोपरच्या टॉवरचे उरलेले चौदा मजले नेहमीच्या सिमेंटने भरले गेले. मुलुंड आणि बोरिवलीच्या दोन साईट्स माझ्या मिक्सला तयार झाल्या होत्या, त्यांनीही नको कळवलं. एका घनमीटरमागे दीडशे किलोच्या वर कार्बन वाचत होता. पूर्वी रोज संध्याकाळी मी हिशोब करायचे, आज किती वाचला. मी ती वहीच घरी आणली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिपेश आला. सकाळी साडेआठची वेळ. प्लांटच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या रस्त्यावर, बाईक स्टँडवर लावून उभा होता. मी त्याला टाळून आत गेले असते, पण त्याने हाक मारली. जानू नाही म्हणाला. जान्हवी म्हणाला.

"दोन मिनिटं."

मी थांबले. ट्रकच्या धुराने डोळे चुरचुरत होते.

"मी घाबरलो गं," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून घरात माझा एकट्याचा पगार. साहेबाने सांगितलं, तुझ्यावर येईल, पोलीस केस होईल. मला काही सुचलंच नाही. त्या केबिनमध्ये मी काय बोललो ते मला घरी गेल्यावर कळलं."

"घरी गेल्यावर?"

"तू पण मेसेज दिलेसच ना. मला न विचारता. मी त्याबद्दल काही बोललो?"

"विचारायला हवं होतं," मी म्हणाले. "तेवढं माझं चुकलं. सांगून द्यायला हवे होते."

तो जरा सैल झाला. एक पाऊल पुढे आला. "मग बघ ना... दोघांचं चुकलं. फिट्टंफाट. आई रोज विचारते तुझं. आपण लग्न करू, जान्हवी. मी पनवेल सोडतो, दुसरीकडे बघतो. तुझं मिक्स पुन्हा..."

"माणिकला भेटलास?"

तो थांबला. "तो गावी गेला ना."

"तीन आठवडे होता हॉस्पिटलात."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"हेच."

गेटमधून एक गाडी हॉर्न वाजवत बाहेर पडली, आम्ही दोघं बाजूला झालो. क्षणभर त्याचा हात सवयीने माझ्या कोपराशी आला. मी तो झटकला नाही. त्यानेच मागे घेतला.

"त्याने तुला सांगितलं होतं, आवाज येतोय म्हणून," मी म्हणाले. "तू म्हणालास, मॅडमशी बोलणं झालंय. केबिनमधलं मी विसरले असते, दिपेश. घाबरलं की माणूस काहीही बोलतो. पण त्या वेळी तू घाबरलेला नव्हतास. तेव्हा तुझ्याकडे वेळ होता, आणि समोर टेकूखाली एक माणूस उभा होता, आणि तू माझं नाव पुढे केलंस."

त्याचे डोळे भरले, दोन्ही. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही.

"एक सांगशील?" तो शेवटी म्हणाला. "तुझं होतं ना... माझ्यावर?"

"हो."

"किती?"

"पुष्कळ. म्हणजे... अजून आहे."

"मग?"

"मग काही नाही. तू जा आता. पनवेल लांब आहे."

मग त्याने हेल्मेट घातलं. काच खाली केली, त्यामुळे चेहरा दिसला नाही. बाईक सिग्नलपर्यंत गेली, थांबली, आणि हिरवा लागल्यावर गर्दीत मिसळली.

मी आत गेले. आवारात पहिली गाडी भरून तयार होती, ड्रायव्हर चलन घेऊन माझी वाट बघत होता. अंधेरीच्या कामाची, सगळं सिमेंट, सातव्या दिवशी पक्कं होणारं. मी शंकू घेतला, गुडघ्यावर बसले आणि टोचायला सुरुवात केली. बाराच्या पुढे आकडा विसरले. काँक्रीट फेकून दिलं आणि शंकू पुसून पुन्हा एकपासून भरला. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता.